हेरिटेज यादीतली उपकरप्राप्त इमारत ढासळतेय: दुरुस्ती कायद्याने कुणाच्या गळ्यात?

तिसरा_मजला:

गिरगावातली इमारत, तळमजला अधिक तीन. सागवानी खांब-तुळया, मध्ये विटांचं बांधकाम, चुन्याचा गिलावा. रस्त्याच्या बाजूला कोरीव ब्रॅकेटवरच्या लाकडी गॅलऱ्या, वर मंगलोरी कौलं. बांधकाम १९४० च्या बरंच आधीचं. दुरुस्ती उपकर, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा जादा कर, दरवर्षी भरला जातो, भाडेपावतीवरही त्याची वेगळी ओळ आहे. हेरिटेज यादीत श्रेणी ३, म्हणजे सगळ्यात खालची. मूळ मालक हयात नाहीत, वारसांचे आपसांत दावे चालू. बावीस भाडेकरू, बहुतेक पागडीचे, तळाला चार दुकानं.

अवस्था अशी: मागच्या बाजूला मोऱ्या आणि संडास एकावर एक आहेत, तिथे सगळ्यात वाईट. दुसऱ्या मजल्यावर कड्यांची (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांची) भिंतीतली टोकं कुजलीत आणि जमीन दीड-दोन इंच खचली आहे. टेकू लागलेले आहेत. पुढच्या गॅलरीचा एक ब्रॅकेट सुटून लोंबतोय, कॉर्निसमध्ये (भिंतीच्या माथ्याच्या नक्षीदार पट्टीत) पिंपळ. महापालिकेची कलम ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस भिंतीवर चिकटवलेली आहे.

एका कार्यालयात सांगतात हेरिटेजची परवानगी आणा, दुसऱ्यात सांगतात अर्ज मालकाच्या सहीचा हवा. मालक म्हणतात दोनशे रुपये भाड्यात काय करायचं.

तीन प्रश्न आहेत. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी नक्की कुणाची? मालक हलतच नसतील तर भाडेकरूंच्या हातात काय? आणि पावसाआधी करायलाच हवं असं काय?

कलम_वाचा:

आधी एक गैरसमज बाजूला करू. इमारत हेरिटेज यादीत आली म्हणून सरकार किंवा महापालिका तिची पालक होत नाही. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे. तेव्हा ती विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ६७ होती, आता विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला नियम ५२ आहे. हा नियम मुख्यतः काय करू नये ते सांगतो. आयुक्तांच्या परवानगीशिवाय पाडकाम, बदल, वाढीव बांधकाम, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं, एवढंच काय गिलावा नि रंगकामही नाही. आयुक्त मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. समिती सल्ला देते, तिच्याकडे दुरुस्तीचं बजेट नसतं.

पुरातत्त्व खात्याचा तुमच्याशी संबंध नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांसाठी आहेत. महापालिकेच्या यादीतल्या बहुसंख्य इमारती त्यात येत नाहीत, त्यामुळे तिथे अर्ज करून महिने घालवू नका.

दुरुस्ती कुणी करायची हे त्याच हेरिटेज नियमात लिहिलेलं आहे. यादीतल्या इमारतींची दुरुस्ती मालकांनी, भोगवटादारांनी किंवा भाडेपट्टेदारांनी स्वतः करायची. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) किंवा रहिवाशांच्या सहकारी संस्थेलाही ती करता येते. मदतीसाठी आयुक्तांच्या अखत्यारीत वेगळा निधी 'उभारता येईल' असंही म्हटलंय. त्या 'येईल'वर विसंबून राहू नये, पण अर्जात उल्लेख जरूर करावा.

आता तुमच्या बाबतीत जबाबदारीचे तीन थर होतात.

पहिला थर मालक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं घरमालकाचं कर्तव्य. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने काही केलं नाही तर भाडेकरू एकेकटे किंवा मिळून दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाला वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. दोनशे रुपये भाड्यावर ते वर्षाला सहाशे होतात. पैसे वसूल करायला हे कलम कुचकामीच आहे, पण मालकाने कर्तव्य टाळल्याचा पुरावा त्यातूनच उभा राहतो. वारसांचा दावा चालू असला तरी नोटीस सगळ्यांना पाठवा. प्रॉपर्टी कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाला आणि भाडं ज्याच्याकडे जमा होतं त्याला, पोचपावतीसह.

दुसरा थर म्हाडा, म्हणजे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. खरा जोर इथे लावायचा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या खासगी इमारतींवर जो उपकर बसतो तो याच कामासाठी. 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, 'ब' तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या, 'क' १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९. म्हाडा कायदा १९७६ चं आठवं प्रकरण वाचा. कलम ७६ मध्ये संरचनात्मक दुरुस्ती हे मंडळाचं कर्तव्य म्हणून आलंय, प्राधान्यक्रम ठरवायची मुभा मंडळाला. कलम ८८ मध्ये दुरुस्ती कशी घ्यायची आणि खर्च ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर काय, ते आहे. ही मर्यादा दर चौरस मीटरमागे असते आणि शासन ती वेळोवेळी वाढवतं. चालू दर कार्यकारी अभियंत्याकडून लेखी घ्या. वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची धरून पुनर्रचनेचा मार्ग उघडतो. हे 'संरचनात्मक' दुरुस्तीपुरतंच आहे बरं का. घरातली फरशी, मोरीची टाइल, रंग हे मंडळाचं काम नाही.

हेरिटेज परवानगीचं उत्तरही इथेच. काम मंडळ करणार असेल तर प्रस्तावही मंडळाकडूनच महापालिकेच्या विकास नियोजन खात्यातल्या हेरिटेज विभागाकडे जायला हवा. मंडळाला दुरुस्तीचा अधिकार कायद्याने दिलाय, तो मालकाच्या मर्जीवर टांगलेला नाही. 'अर्ज मालकाच्या सहीचा' ही अट मालक स्वतः किंवा रहिवासी ना-हरकत घेऊन स्वतः दुरुस्ती करणार असतील तेव्हाची.

तिसरा थर महापालिका. तिचं काम सुरक्षिततेचं. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम ३५४ आयुक्तांना पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा असा आदेश देऊ देतं. तुमच्या नोटिशीत यातलं नेमकं काय लिहिलंय? भिंतीवरची नोटीस लोक पाहतात, वाचत नाहीत. 'दुरुस्त करा' असं असेल तर कलम ४९९ बघा: मालकाने सांगितलेलं काम केलं नाही तर भोगवटादार आयुक्तांच्या मान्यतेने ते करून खर्च मालकाकडून किंवा भाड्यातून वसूल करू शकतो. शिवाय कलम ४८९ खाली महापालिका स्वतः काम करून खर्च मालकाकडून घेऊ शकते. ते सहसा टेकू, अडथळा आणि पाडकामापुरतंच वापरलं जातं, पण कलम आहे.

टेकूवाला:

कायद्याचं वर आलंच आहे, मी इमारतीचं बोलतो. पहिला प्रश्न: स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, आणि कुठल्या चाचण्या लावून?

विचारतोय कारण प्रचलित ऑडिटचे फॉर्म आरसीसीसाठी बनलेत. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल, कार्बोनेशन, कोअर. या काँक्रीटच्या चाचण्या, सागवान आणि चुन्याच्या इमारतीत यातल्या बहुतेकांचा उपयोग नाही. मग अहवालात कोष्टकं रिकामी राहतात, फोटो भरपूर येतात आणि शेवटी एक ओळ: 'सी-१, त्वरित रिकामी करून पाडावी'. श्रेणी लक्षात ठेवा. सी-१ राहण्यास अयोग्य, पाडण्यायोग्य. सी-२अ काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ब रिकामी न करता मोठी दुरुस्ती. सी-३ किरकोळ. मागची मोऱ्यांची रांग खराब आणि पुढचा भाग उभा, या वर्णनाची इमारत बऱ्याचदा सी-२अ मध्ये बसते. इथून छातीठोक सांगत नाही, तपासायला सांगतोय.

लाकडाची तपासणी अशी व्हायला हवी. प्रत्येक मजल्याचा आराखडा काढून खांब, तुळया, कड्या यांना नंबर द्यायचे. प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांवर हातोडीने ठोकून आवाज घ्यायचा, बद्द आला तर संशय. टोच्याने किती आत जातं ते मोजायचं. ओलावामापक लावायचा: सुक्या सागात बारा-पंधरा टक्के ठीक, वीसच्या वर सतत राहिला की बुरशीला रान मोकळं. संशयित ठिकाणी बारीक ड्रिलने आतल्या कठीणपणाचा आलेख काढता येतो, त्यातून पोकळी किती ते कळतं. हे सगळं एका तक्त्यात: खांब-तुळई-कडीचा क्रमांक, मूळ छेद (लाकडाची रुंदी-जाडी), उरलेला सुदृढ छेद, उपाय. हा तक्ता नसेल तर ते ऑडिट नव्हे, मत आहे.

दोन अहवालांत विरोध असला तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही सोय आहे.

बिघाडाचं कारण जवळपास नक्की पाणी. मोरीतलं पाणी फरशीच्या सांध्यातून चुना-मातीच्या थरात, तिथून फळ्यांवर, फळ्यांवरून कडीच्या टोकाला. टोक भिंतीत गाडलेलं, वारा नाही, त्यामुळे वाळत नाही. बाहेरून बिडाचा डाऊनटेक (सांडपाणी खाली नेणारा) पाइप मागच्या बाजूने गंजून फुटलेला असतो. भिंतीच्या बाजूची फूट दिसत नाही, भिंत मात्र बारा महिने ओली. त्यात कुणी न्हाणीघर नवं करताना जुनी फरशी न काढता वर सिमेंटचा थर आणि टाइल टाकली की वजन वाढतं. मजल्यावर पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, तेही खचलेल्या कडीवर. तळमजल्यावरच्या दुकानांत आतली भिंत किंवा खांब काढलाय का ते आधी पाहा. वरची जमीन खचायचं दुसरं मोठं कारण तेच असतं.

टेकूंबद्दल. टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि चुकीचा टेकू नसलेल्यापेक्षा वाईट. दुसऱ्या मजल्याच्या तुळईखाली लावलेला टेकू पहिल्या मजल्याच्या जमिनीवर संपला असेल तर तो वजन पहिल्या मजल्याच्या कड्यांवर टाकतोय. एकाच ओळंब्यात सगळे मजले उतरत तो तळमजल्याच्या पक्क्या जमिनीपर्यंत गेला पाहिजे, लावायला सुरुवातही खालून. खाली किमान पंच्याहत्तर मिमी जाडीची फळी, वर आडवं लाकूड, पाचरी जोडीने आणि खिळ्याने अडकवलेल्या. पावसात लाकूड फुगतं, नंतर आकसतं, पाचरी ढिल्या होतात. पावसाळाभर दर आठवड्याला एकाने प्रत्येक पाचर हाताने हलवून पाहावी. नवीन ठोकाठोकी मात्र स्वतः करू नका, जास्त ठोकली तर वरची भिंत उचलली जाऊन तडे जातात.

भेगांवर काचेच्या पट्ट्या लावा, प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकं चिकटवून, शेजारी तारीख लिहून. पट्टी तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. खचलेल्या जमिनीचं मोजमाप पाण्याच्या नळीने, महिन्यातून एकदा, त्याच त्या बिंदूंवर. हे आकडे म्हाडा, वॉर्ड आणि गरज पडली तर न्यायालय, तिन्हीकडे चालतात.

तिसरा_मजला:

दोघांचेही आभार. नोटीस वाचली. 'दुरुस्त करावी अथवा पाडून टाकावी' असं दोन्ही लिहिलंय. ऑडिट मालकांपैकी एकाने करून घेतलंय, सी-१ म्हणतं. त्यात रिबाउंड हॅमरचं कोष्टक आहे आणि प्रत्येक रकान्यात 'लागू नाही'.

नळबाजार:

मग काय, सगळं स्पष्टच आहे की. श्रेणी ३ मध्ये इमारत संरचनात्मकदृष्ट्या कमकुवत किंवा असुरक्षित ठरली तर पुनर्बांधणीला परवानगी मिळू शकते. म्हणजे अहवालात 'सी-१' आलं की हेरिटेजचा अडसर निम्मा दूर. ऑडिटचे पैसे कुणी भरले यावरून निष्कर्षाचा अंदाज बांधावा, हा आपला मुंबईचा व्यवहार. दुसरं ऑडिट भाडेकरूंनी स्वतःच्या खर्चाने करून घ्या, बावीस जणांत वाटलं तर फार नाही.

आणि हेरिटेजवाले काही करतील याची वाट बघत बसू नका. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, श्रेणी २अ. बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून इथे आणून जोडलेला. जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चित्रं तिथे दाखवली गेली. २००५ मध्ये तिचा पुढचा भाग कोसळला, जागतिक धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही नाव आलं. तरी खासगी मालक, उपकर, भाडेकरू, हेरिटेज या चौकडीत ती अडकून राहिली. २०१९ मध्ये रिकामी करावी लागली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडायला सांगितलं, त्यावर संवर्धनवाल्यांनी हरकती घेतल्या. इतकं नाव असलेल्या इमारतीची ही गत. तुमच्या गॅलरीचं नाव कोण घेणार?

चुना_सुरखी:

नळबाजार यांचा सूर कडू आहे पण श्रेणीबद्दलचं म्हणणं खरं आहे. एक जोड देते: परवानगी 'मिळू शकते', आपोआप मिळत नाही. आणि यादीतून नाव वगळणं किंवा श्रेणी बदलणं ही तर वेगळीच प्रक्रिया आहे, हरकती-सूचना मागवून आणि शासनाच्या मंजुरीने. ऑडिटच्या एका कागदाने ते होत नाही. जाणीवपूर्वक दुर्लक्ष करून वारसा इमारत पडू दिली तर नव्या बांधकामाला परवानगी नको, असं केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींमध्ये सुचवलंय. पण आदर्श उपविधी म्हणजे मुंबईची नियमावली नव्हे, त्यामुळे युक्तिवादात वापरा, त्यावर विसंबू नका.

आता दुरुस्तीकडे. सरकारी दुरुस्तीचं काम दरसूचीवर (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवर) चालतं, आणि दरसूचीत जे सहज सापडतं तेच अंदाजपत्रकात येतं: लोखंडी गर्डर, चॅनल, आरसीसी स्लॅब, वाळूचं सिमेंट प्लास्टर, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. एकदा निविदा निघाली की काही बदलत नाही. म्हणून तुमची खरी संधी पाहणी ते अंदाजपत्रक या मधल्या काळात आहे. तेव्हाच संवर्धन वास्तुविशारदाकडून दर्शनी भागाचं मोजमापाचं रेखाचित्र करून घ्या, ब्रॅकेट, कठडा, कॉर्निस यांचे तपशील एकास दहा प्रमाणात. सोबत कामांची यादी द्या आणि सूचीत नसलेल्या बाबींसाठी दर-विश्लेषण जोडा. हेरिटेज विभागात हीच रेखाचित्रं लागतात, म्हणजे एका खर्चात दोन कामं. त्याशिवाय प्रॉपर्टी कार्ड, यादीतल्या नोंदीची प्रत, सध्याचे आणि मिळाले तर जुने फोटो, स्ट्रक्चरल अहवाल, आणि कुठे काय साहित्य वापरणार याचं टिपण. टिपण मोघम असलं की प्रस्ताव शेऱ्यासह परत येतो आणि एक बैठक हुकते. 'मूळ स्वरूपाप्रमाणे दुरुस्ती' हे टिपण नव्हे.

तांत्रिक बाबी, ज्या यादीत याव्यात:

कुजलेलं कडीचं टोक. अख्खी कडी बदलायची गरज सहसा नसते. कूज जिथे संपते त्याच्यापुढे निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं, तिथे जुन्या पाडकामातून मिळणारं सागवान तिरक्या सांध्याने जोडायचं किंवा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्ट. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस, साधा काळा बोल्ट ओल लागली की गंजतो. पट्टीची लांबी-जाडी आणि बोल्टची संख्या अभियंत्याने काढून द्यायची. टोक भिंतीत दगडी बैठकीवर टेकवायचं आणि भोवती वीसेक मिमी हवा सोडायची. बहुतेक काम इथेच फसतं, कारण गवंडी ते भोक सिमेंटने गच्च भरून टाकतो आणि नवं लाकूड काही वर्षांत पुन्हा कुजतं.

वाळवी. आधी ओल तोडायची, मगच औषध. उभ्या इमारतीतल्या उपचारासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे, कंत्राटात त्याचा उल्लेख करा.

गिलावा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती आत लाकडाकडे जाते आणि क्षार विटेचे पोपडे काढतात. एक भाग मुरवलेला चुना, एक सुरखी (विटांची पूड), दोन चाळलेली वाळू हे एक चालणारं प्रमाण. मूळ गिलाव्याचा नमुना तपासून ते थोडं बदलेल. थर बारा-पंधरा मिमीपेक्षा जाड नको, दुसरा थर पहिला आवळल्यावर, आणि आठवडाभर ओलं गोणपाट. भर पावसात करू नये, चुना धरत नाही. वर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावला तर केलेलं सगळं वाया.

पिंपळ. ओढून काढू नका, मुळांबरोबर कॉर्निसच्या विटा येतात. बुंधा कापून, खुंटात भोकं पाडून तणनाशक भरायचं, मूळ मेल्यावर सांधे चुन्याने भरायचे. नुसता छाटला तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने येतो.

गॅलरीचा ब्रॅकेट. सुटलेला तुकडा फेकू नका! नंबर टाकून कोरड्या जागी ठेवा. तो नसेल तर पुढचा सुतार 'अंदाजे' कोरतो आणि अख्खी ओळ विजोड दिसते.

कलम_वाचा:

नोटिशीत 'दुरुस्त करावी अथवा पाडावी' असल्यामुळे दुरुस्तीचा पर्याय खुला आहे, हे लेखी नोंदवून ठेवा. क्रम असा घ्या. पहिल्या आठवड्यात मालकांना कलम १४ ची नोटीस. त्याच दिवशी म्हाडाच्या विभागीय कार्यकारी अभियंत्याला पत्र, प्रत मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांना: उपकर वर्ग, टेकू केव्हापासून, ३५४ ची प्रत, आणि मागणी एकच, 'कलम ७६ व ८८ नुसार पाहणी करून अंदाजपत्रक करावे व हेरिटेज प्रस्ताव मंडळाने पाठवावा'. तिसरं पत्र वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला: मालकाच्या ऑडिटवर लेखी हरकत, दुसरं ऑडिट सादर करण्यासाठी मुदत, आणि निष्कर्षात फरक आला तर तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवण्याची विनंती. चौथं हेरिटेज विभागाला, फक्त माहितीसाठी: श्रेणी ३ ची इमारत पाडण्याच्या बेतात आहे, आमची हरकत आहे.

सगळी पत्रं आवक शिक्क्यासह. महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात विचारा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'दुरुस्ती का केली नाही' असं विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. कागद मागा. गेल्या पाच वर्षांचे पाहणी अहवाल, टेकूंचा कार्यादेश आणि मोजमाप वहीची पानं, प्राधान्यक्रमाची यादी आणि तुमच्या इमारतीचा त्यातला क्रमांक, पत्रावरचे शेरे. रिट याचिकेची वेळ आली तर हेच जोडपत्र होतात.

भाडेकरूंच्या भीतीबद्दल दोन शब्द. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. महापालिकेने पाडलेल्या इमारतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात हे ठरवलं. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातलं चटईक्षेत्र महापालिकेने मोजून नोंदवायचं असतं. ते आजच सह्यांसकट करून घ्या: खोलीनिहाय मोजमाप, भाडेपावती, वीजबिल, फोटो. जागा सोडायची वेळ आली तर संक्रमण शिबिरातल्या खोलीचं पत्र हातात आल्यावर आणि मोजमापाचा पंचनामा झाल्यावर सोडा. हे तातडीचा धोका नसेल तरच. अभियंत्याने एखादा भाग आजच रिकामा करा म्हटलं तर कागदासाठी थांबू नका, तो भाग सोडा आणि कुलूप-चावी स्वतःकडे ठेवून तसं वॉर्डाला कळवा.

म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ ची नोटीस कुणाला आली तर घाबरून सह्या देऊ नका. त्यात धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाच्या प्रस्तावासाठी सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, मग मंडळाकडून संपादन असा क्रम आहे. पण इमारत रीतसर धोकादायक ठरवलेली असली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा नोटिसा मोठ्या संख्येने रद्द केल्या त्या याच मुद्द्याभोवती.

तिसरा_मजला:

खर्च म्हाडाच्या मर्यादेबाहेर गेला तर? लाकूडकाम आणि चुना म्हटल्यावर जाणारच.

चुना_सुरखी:

सगळी इमारत एकदम धरली तर जाईलच. म्हणून कामाचे दोन भाग करा. संरचनात्मक भाग, म्हणजे कड्या, तुळया, खांब, भार घेणाऱ्या भिंती, छताचा सांगाडा, मंडळाच्या मर्यादेत बसवायचा. कोरीव ब्रॅकेट, कठडे, खिडक्या वेगळ्या यादीत, रहिवासी, मालक किंवा मिळाला तर आमदार निधी. टेकूवाल्यांनी सांगितलेल्या छेद-तक्त्यावर खर्च काढला तर बऱ्याचदा दिसतं की मोठी रक्कम मागच्या मोऱ्यांच्या रांगेतच आहे. पुढच्या भागात सुटे ब्रॅकेट बसवणं, सांधे आवळणं, कौलं फेरणं एवढंच निघतं. सगळं लाकूड काढून गर्डर टाकायचं अंदाजपत्रक मात्र मर्यादा हमखास ओलांडतं, आणि मग 'दुरुस्तीपलीकडची' हा शिक्का बसतो. जुनं सागवान वाचवणं इथे पैशाच्या हिशेबानेही परवडतं.

मालक पुढे समजुतीला आलेच तर त्यांना हेरिटेज टीडीआर (हस्तांतरणीय विकासहक्क, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा) आणि वापरबदल या दोन तरतुदी दाखवा. यादीत असल्यामुळे न वापरता येणारा विकासहक्क टीडीआरच्या रूपात, इमारत जतन करण्याच्या अटीवर मिळू शकतो. काही भागाचा वापर बदलून उत्पन्न काढायचीही परवानगी मागता येते, उत्पन्नातून देखभाल होत असेल तर. मात्र वारसांचा दावा मिटल्याशिवाय टीडीआरच्या अर्जावर सही करायला कुणी नसतं.

टेकूवाला:

पावसाआधीचं राहिलं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे मे संपायच्या आत एवढं तरी.

कौलं फेरा, फुटकी बदला, पन्हळी आणि पाइपची तोंडं मोकळी करा. मागचा फुटका बिडाचा पाइप बदला, आणि नवा भिंतीपासून दोन इंच सुटा, क्लॅम्पवर. पाइप मागून गळला तर ते पाणी दिसलं पाहिजे. मोऱ्यांतली गळती थांबेपर्यंत त्या ओळीतले दुसरा-तिसरा मजला नळ बंद ठेवून तळमजल्याची सोय वापरतील असं आपसांत ठरवा. कुरबुर होईल. मजल्यांवरच्या टाक्या आणि मोठे पिंप खाली. गॅलरीवर कुणी उभं राहायचं नाही, कुंड्या हलवा, खाली फुटपाथवर जाळी आणि आडोसा. सुटलेला ब्रॅकेट उतरवणं हे सुरक्षिततेचं काम, पण श्रेणीच्या इमारतीत आहात म्हणून उतरवण्याआधी आणि नंतरचे फोटो त्याच दिवशी पत्राने हेरिटेज विभागाला.

काय दिसलं तर लगेच बाहेर पडायचं तेही सगळ्यांना सांगा, मुलांसकट: लाकूड कडकडल्यासारखा आवाज, छतातून अचानक माती-चुना गळणं, काल लागत असलेलं दार आज न लागणं, एकाच दिवसात पाचर मोकळी होणं किंवा टेकू वाकणं. फोन १९१६, महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष. जिना कुठल्या बाजूला आहे? तो मागच्या मोऱ्यांच्या रांगेला लागून असेल तर जिन्याचे टेकू सगळ्यात आधी तपासून घ्या.